पप्पांचा फॉर्म, मम्मीच्या गोळ्या

रिटायरमेंट जवळ आली की घराघरात सेम टू सेम सीन असतो. निरोप समारंभाला कुठला शर्ट घालायचा, शाल-श्रीफळाच्या फोटोत कोण कोण उभं राहणार, केकवर नुसतं नाव की ‘हॅपी रिटायर्ड लाइफ’ पण? आणि मग मेन टॉपिक! आलेल्या पैशांचं काय करायचं? एफडी, पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम, की पडवीवर नवा स्लॅब? ज्याला त्याला मत असतं. आत्याला असतं, काकांना असतं, ज्यांना कुणी विचारलेलं नाही त्यांना तर असतंच असतं.

एकच प्रश्न कुणी काढत नाही. औषधांचं काय?

काढलाच कुणी, तर आपण, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी अप-टू-डेट मुलं, खांदे उडवतो. ‘मेडिक्लेम आहे ना!’

आहे ना. पण फ्रेंड्स, साधा मेडिक्लेम माणूस अ‍ॅडमिट झाल्यावर जागा होतो. अ‍ॅडमिट होण्याच्या आधीचे साधारण तीस दिवस आणि घरी आल्यावरचे साठ दिवस, एवढ्या काळातली त्याच आजाराची औषधं तो देतो. पुढे? बीपीची गोळी, शुगरची गोळी, थायरॉइडची गोळी ही मंडळी दर महिन्याला घरी येतात, वर्षानुवर्षं येतात आणि त्यांचं बिल खिशातून जातं. हॉस्पिटल दहा वर्षांत दोनदा लागेल. केमिस्ट महिन्याला लागतो.

तर या आठवड्याचा विषय हाच. आईवडिलांच्या रोजच्या औषधांची सोय कधी करायची? हा ‘कधी’च सगळ्यात अवघड आहे. कारण निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा बहुतेकांची तब्येत ठणठणीत असते.

तीन पर्याय, एक सही

माझे पप्पा केंद्र सरकारच्या एका ऑफिसातून यंदा रिटायर होतायत. आमचं घर सांडोरला. वसई रोड स्टेशनला उतरायचं, रिक्षा किंवा बस पकडायची आणि पश्चिमेला आत यायचं. पस्तीस वर्षं हा माणूस रोज चर्चगेट लोकलने गेला आणि आला. आता पेन्शनचे कागद आलेत आणि त्यात वैद्यकीय सोयीचा पर्याय निवडायचाय.

केंद्राच्या पेन्शनरांसाठी सीजीएचएस नावाची आरोग्य योजना असते. तिच्या डिस्पेन्सरीतून, म्हणजे आताच्या भाषेत वेलनेस सेंटरमधून, डॉक्टरचा सल्ला मिळतो, औषधं मिळतात. यादीवरच्या खासगी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट व्हायची सोयही मिळते. त्यासाठी वर्गणी भरावी लागते. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १ ते ५ ला महिना २५० रुपये, लेव्हल ६ ला ४५०, ७ ते ११ ला ६५० आणि १२ पासून वर १,०००. पेन्शनर ही वर्गणी दरवर्षी भरू शकतात, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेऊ शकतात. पप्पा लेव्हल ६ वाले. म्हणजे ४५० गुणिले १२० महिने. ५४,००० रुपये फक्त!

जे पेन्शनर सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहतात त्यांना दुसरा रस्ता आहे. फिक्स्ड मेडिकल अलाउन्स. रोजच्या औषधपाण्यासाठी पेन्शनबरोबर रोख रक्कम. १९९७ मध्ये हा भत्ता महिना १०० रुपये होता, २००८ मध्ये ३०० झाला, २०१४ मध्ये ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये. नवऱ्याला आणि बायकोला मिळून हं! माणशी नाही.

आता या दोन्हींची सांगड घातली की पेन्शनरापुढे तीन पर्याय उरतात.

एक, नुसता भत्ता घ्यायचा. कार्ड नाही, वर्गणी नाही.

दोन, वर्गणी भरून कार्ड काढायचं, ते हॉस्पिटलसाठी वापरायचं आणि रोजच्या औषधांसाठी भत्ता घ्यायचा.

तीन, वर्गणी भरायची, भत्ता सोडायचा आणि हॉस्पिटल व औषधं दोन्ही सीजीएचएसकडून घ्यायची.

पप्पांनी दहा सेकंदांत पहिला पर्याय निवडला होता. त्यांचं लॉजिक सिंपल. ‘मी गोळी तरी कुठली घेतो? चोपन्न हजार भरायचे कशाला? हजार रुपये महिना येतोय तो येऊ दे.’

खरंय. पप्पा एकही गोळी घेत नाहीत. पण फॉर्म काय फक्त पप्पांचा आहे का?

डब्यातलं गणित

गोळ्या मम्मी घेते. तीन प्रकारच्या. बीपी, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल. मी म्हटलं, आधी महिन्याचा खर्च काढू, मग बोलू. आमच्या केमिस्टकडची सहा महिन्यांची बिलं घेऊन बसले. महिन्याचा आकडा यायला हवा होता १,४८० रुपये. बिलांवरून मात्र तो निघत होता हजाराच्या आसपास. काहीतरी गडबड होती. थायरॉइडची बाटली वेळेवर संपत होती. बीपीची पंधराची स्ट्रिप मात्र जवळजवळ महिनाभर पुरत होती.

मम्मीला विचारलं. ती ओट्यापाशी पापलेट साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘एक दिवसाआड घेते. बरं वाटतं तेव्हा कशाला उगीच?’ मग थोड्या वेळाने, ‘आता पप्पांचा पगार पण बंद होणार ना.’

यावर काय बोलणार? आमच्या घरात पैशांची अगदी ओढाताण नाही. तरीही स्वतःच्या औषधावर काटकसर करणारी पहिली व्यक्ती तीच. तुमच्याही घरात असेल. डॉक्टर सांगतात, बीपीची गोळी बरं वाटतं म्हणून सोडायची नसते, कारण ती चालू असते म्हणूनच बरं वाटतं. पण पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार असतील, घरात एखादं लग्न असेल, तर आधी कात्री लागते ती आईच्या स्ट्रिपला.

म्हणून सांगते, हा निर्णय घेताना आधी बिलं बघा आणि मग गोळ्या मोजा. स्ट्रिप किती दिवस पुरायला हवी आणि प्रत्यक्षात किती पुरते, यातला फरक तुम्हाला पॉलिसीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जाईल.

आज आणि पंधरा वर्षांनी

आता मम्मीचे १,४८० रुपये धरून तिन्ही पर्याय बघू.

पहिल्या पर्यायात भत्ता १,०००, खिशातून ४८०. चोपन्न हजार वाचले. पण उद्या हृदयाचं काही निघालं, अ‍ॅडमिट व्हावं लागलं, तर सीजीएचएसचं कार्ड नाही.

दुसऱ्या पर्यायात चोपन्न हजार एकदाच गेले. औषधांचे ४८० खिशातून जात राहतील. पण हॉस्पिटलची सोय दोघांनाही आयुष्यभर.

तिसऱ्यात १,४८० ची औषधं सेंटरमधून मिळाली, पण हजाराचा भत्ता गेला. नेट फायदा महिना ४८० रुपये. त्यासाठी सेंटरपर्यंत जा-ये. जुन्या आजारांसाठी तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम मिळू शकतात, म्हणजे दर महिन्याला जायची गरज नाही. तरीही रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा, रांग. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं सेंटर कुठलं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघाच. साठाव्या वर्षी जो प्रवास ‘टाइमपास होतो’ वाटतो, तोच पंचाहत्तरीत गुडघ्यांना विचारून करावा लागतो.

आजच्या घडीला मग तिसऱ्या पर्यायात फारसा दम नाही. पण गोळ्यांची संख्या कमी होत नसते. शुगर आली, इन्सुलिन सुरू झालं, अँजिओप्लास्टीनंतरची औषधं सुरू झाली की १,४८० चे चार हजार व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा मात्र हजाराचा भत्ता फारच तोकडा पडतो.

इथे एक मस्त बारीक नियम आहे, जो पप्पांच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हता. केंद्राच्या पेन्शनरांना भत्ता की डिस्पेन्सरी हा पर्याय आयुष्यात एकदा बदलता येतो. फक्त एकदा. म्हणजे क्रिकेटमधला रिव्ह्यू समजा. पहिल्याच ओव्हरमध्ये वाया घालवायचा नाही!

तर आमच्या घरचा निकाल असा लागला. पर्याय दोन. कार्ड काढायचं, भत्ता घ्यायचा आणि बदलायचा हक्क राखून ठेवायचा. तो वापरायचा कधी, हेही आत्ताच ठरवून ठेवलंय. सलग सहा महिने दोघांचं मिळून औषधांचं बिल तीन हजारांच्या वर गेलं की अर्ज करायचा. तेव्हा कुणाचा मूड, कुणाची लाज, ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे काही चालणार नाही. आकडा डायरीत लिहून ठेवलाय. तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल, पण लिहून ठेवलेला असू दे.

पप्पांना हे पटायला तीन दिवस लागले. शेवटी मी म्हटलं, ‘पप्पा, भत्ता तुमच्या पेन्शनमध्ये येणार, पण तो तुमचा नाही. मम्मीच्या गोळ्यांचा आहे. त्यावर पेपरवाल्याचं बिल भागवायचं नाही.’ त्यावर ते हसले आणि सहीचं पेन शोधायला उठले.

अजून एक. भत्ता मिळतो तो हद्दीबाहेर राहणाऱ्यांना. आईवडील गावचं घर बंद करून तुमच्या अंधेरीच्या फ्लॅटवर कायमचे राहायला आले आणि पत्ता बदलला, की हे गणित पुन्हा मांडावं लागतं. लाडाने ‘या ना आमच्याकडे’ म्हणायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

शेजारच्या घरांत काय?

सगळ्यांचेच पप्पा केंद्र सरकारात नसतात. आमच्या आळीतच बघा ना.

समोरचे अंकल रेल्वेतले. रेल्वेची सिस्टिमच वेगळी. १९९७ ची निवृत्त कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, जिला सगळे आरईएलएचएस म्हणतात. एकरकमी वर्गणी भरायची आणि रेल्वेच्या हॉस्पिटलांचे दरवाजे उघडे. पश्चिम रेल्वेवाल्यांसाठी मुंबई सेंट्रलचं जगजीवन राम हॉस्पिटल. त्यांनाही भत्ता मिळतो, पण अट किलोमीटरची. जवळच्या रेल्वे हॉस्पिटल किंवा हेल्थ युनिटपासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहायला हवं आणि रोजच्या ओपीडीवर पाणी सोडायला हवं. अ‍ॅडमिट व्हायची सोय शाबूत राहते.

दोन घरं सोडून राहणाऱ्या आँटी सरकारी बँकेतून रिटायर झाल्या. बँकवाल्यांची २०१५ पासून इंडियन बँक्स असोसिएशनची ग्रुप पॉलिसी आहे. रिटायर झालेल्यांचं पॉलिसीचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. त्यात ‘डोमिसिलरी’ नावाचा भाग असतो, म्हणजे ठरावीक आजारांवर अ‍ॅडमिट न होता घरी घेतलेल्या औषधोपचाराचा खर्च. मूळ योजनेत त्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या दहा टक्के. चार लाखांच्या विम्याला चाळीस हजार. रिटायर झालेल्यांना हा भाग घेऊन किंवा वगळून अशा दोन्ही प्रकारे पॉलिसी मिळत आलीय. घेतला की प्रीमियम चढतो, वगळला की उतरतो. आँटींचं गणित एका ओळीचं. ‘हा भाग घेतल्यामुळे जास्तीचे जेवढे जातात, त्यापेक्षा माझ्या गोळ्यांचे वर्षाचे पैसे जास्त आहेत का?’ दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या आधी त्या हा हिशोब करतात. दर आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून हिशोबही दरवर्षी. हिशोब काहीही येवो, पॉलिसी मध्येच सोडायची नाही हा त्यांचा नियम. सुटलेली गाडी परत पकडता येईल याची गॅरंटी नसते.

आणि वाडीवाल्यांचं काय? केळी, फुलं, भाजी यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला ना पेन्शन ना भत्ता. त्यांच्यासाठी हॉस्पिटलची सोय आता बरीच सुधारलीय. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार, आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरून. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. पण रोजच्या गोळ्या? वय वंदना कार्डावर अ‍ॅडमिट होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस एवढीच औषधं. बाकी खिशातून.

इथेच एक धोक्याचा सिग्नल! ज्यांच्याकडे सीजीएचएस आहे त्यांना सत्तरीनंतर ते किंवा वय वंदना, दोन्हींतलं एकच ठेवता येतं. कुणीतरी ‘फुकट कार्ड काढतायत’ म्हणून रांगेत उभं केलं, तर डिस्पेन्सरीतून मिळणारी औषधं हातची जातील. आधी विचारा, मग अंगठा लावा.

अमेरिकेत तर तारखेला दंड

माझी एक चुलतबहीण न्यू जर्सीला असते. तिच्या सासूबाई तिथेच पासष्टच्या झाल्या तेव्हा फोनवर फक्त एकच विषय. तिकडे मेडिकेअरमध्ये औषधांसाठी ‘पार्ट डी’ नावाचा वेगळा विमा आहे, २००६ पासून. पासष्टीच्या आधीचे तीन महिने, वाढदिवसाचा महिना आणि नंतरचे तीन, अशा सात महिन्यांत नाव घालायचं. दुसरा तोडीचा औषधविमा नसताना उशीर केला, तर प्रत्येक महिन्यामागे एक टक्का दंड मूळ हप्त्याच्या सरासरीवर लागतो आणि तो विमा असेपर्यंत बहुतेक पाठ सोडत नाही. तीस महिने उशीर, तीस टक्के जास्त!

ऐकून कठोर वाटतं. पण त्यांना निदान तारीख ठाऊक असते. आपल्याकडे असा दंड नाही, त्यामुळे आठवण करून देणारंही कुणी नाही. आपला दंड वेटिंग पीरियडच्या रूपात येतो. खासगी पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी थांबायला लावते. २०२४ पासून ही मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षांची झालीय, आधी चार होती. पॉलिसी घ्यायला पासष्टची वयोमर्यादा असायची, तीही त्याच वर्षी नियमातून गेली. म्हणजे साठीला बीपीचा इलाज कव्हर व्हायला हवा असेल, तर पॉलिसी सत्तावन्नाव्या वर्षी हवी. निरोपाच्या केकनंतर नव्हे, तीन वर्षं आधी. ओपीडी आणि औषधांची जोड देणाऱ्या पॉलिसीही मिळतात. घेताना एकच बघा. औषधांची वर्षाची मर्यादा किती आणि त्यासाठी हप्ता किती वाढतो. आठ हजार जास्त भरून पाच हजारांची औषधं मिळत असतील, तर सरळ केमिस्टला द्या ते पैसे.

आईवडील तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहेत? छान. पण नोकरी बदलली की ते बाहेर. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाताना जुना वेटिंग पीरियड धरला जातो, पण अर्ज वेळेत करावा लागतो. राजीनाम्याच्या मेलआधी एचआरला हे विचारून घ्या.

या वीकेंडला करा

एक. आईवडिलांच्या गोळ्यांची यादी, डोस आणि महिन्याचा खरा खर्च एका कागदावर. दोघांचा वेगवेगळा.

दोन. डॉक्टरांना विचारून त्याच औषधांचा जेनेरिक पर्याय जनऔषधी केंद्रात बघा. ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचं सरकार सांगतं. मम्मीच्या यादीतल्या दोन गोळ्या तिथे मिळाल्या.

तीन. रिटायरमेंटला वर्ष उरलं असेल तर ऑफिसातून वैद्यकीय पर्यायाचा फॉर्म आत्ताच आणा आणि दोघांनी मिळून वाचा. जवळचं हॉस्पिटल यादीवर आहे का तेही तपासा. सांडोरकरांना बंगलीचं कार्डिनल ग्रेशस हाकेच्या अंतरावर. पण जवळ असणं वेगळं आणि आपल्या योजनेच्या यादीवर असणं वेगळं. विचारल्याशिवाय धरून चालू नका.

चार. आईवडील साठीपुढचे असतील, त्यांचा आरोग्यविमा नसेल आणि औषधांचा खर्च तुम्ही करत असाल, तर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. रोखीत दिलेले पैसे चालत नाहीत, म्हणून पेमेंट ऑनलाइन आणि बिल जपून. नव्या करपद्धतीत ही सवलत नाही.

आणि पाच, माझ्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींसाठी. आपल्याला ना पेन्शन, ना भत्ता, ना सहीसाठी येणारा फॉर्म. आपली तारीख आपणच ठरवायची. मी अठ्ठावीसची आहे, एकही गोळी घेत नाही. म्हणजे विमा कंपनीच्या नजरेत आत्ता सगळ्यात देखणी! २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. तेव्हा पुढच्या महिन्याचा चेक आला की शूजच्या आधी पॉलिसी. आणि दोन्हींना पुरला, तर शूजसुद्धा!